विक्रांत ठेवायची होती

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी विषय दिला ‘जतन’. वाडे, पोथ्या, बियाणी बाकीच्यांनी आधीच उचलली होती. मी युद्धनौका मागून घेतल्या. महायुद्धांच्या काळात बांधलेली जहाजं जगात कितीतरी बंदरांत संग्रहालयं होऊन उभी आहेत. मुंबईतही एक होतं. ते जिथे तोडलं गेलं ती जागा शिवडीपासून हार्बर लोकलने अवघी दोन स्टेशनं.

सुरुवात म्हणून शिवडीच्या किल्ल्यावर गेलो. इंग्रजांनी १६८० च्या सुमारास बांधलेला हा किल्ला टेकाडावर आहे आणि त्याच्या तटावरून मुंबईचा पूर्व किनारा दिसतो. बहुतेक मुंबईकरांना समुद्र म्हणजे चौपाटी, वरळी, बँडस्टँड. इकडचा समुद्र वेगळा. ओहोटीला दूरवर चिखल उघडा पडतो, हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत त्या चिखलात रोहित पक्षी चरतात आणि त्यांच्या पलीकडून अटल सेतू न्हावाशेव्याकडे जातो. दक्षिणेला ‘हे बंदर’ नावाचं बंदर, कॉटन ग्रीनची गोदामं, मग रे रोड आणि दारूखाना. भरतीची वाट पाहणारे पडाव, गंजलेल्या बार्जेस, धक्क्याला टेकलेलं एखादं मोडकं जहाज. जहाज बांधण्यापासून ते तोडण्यापर्यंतची सगळी कामं मुंबईने याच बाजूला केली. त्यातलं सांभाळण्याचं काम मात्र का जमलं नाही, हे मला पाहायचं होतं.

दारूखान्याची रीत

रे रोडला उतरून पूर्वेला वळलं की आधी लाकडाच्या वखारी लागतात, मग लोखंड सुरू होतं. दुकानांपुढे साखळ्यांचे ढीग असतात. एकेक कडी दोन हातांनीही उचलत नाही. नांगर, तारेचे दोर, पंख्याची पाती, व्हॉल्व्ह, पितळी गोल खिडक्या, जहाजावरचे दिवे, लाइफबॉय. मोठ्या जहाजाचा नांगर घ्यायला लहान जहाजवाले येतात, पितळी खिडक्या आणि दिवे घ्यायला हॉटेलांची सजावट करणारे. एका दुकानात वाफेचा दाब दाखवणारं पितळी घड्याळ हातात घेतलं. काच शाबूत, काटा शून्यावर, तबकडीवर इंग्लंडमधल्या कारखान्याचं नाव. दुकानदाराने ते तराजूत टाकून भाव सांगितला. ते कोणत्या जहाजाचं हे त्याला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असण्याचं कारणही नव्हतं, कारण इथे माल वजनावर येतो आणि वजनावरच जातो.

जहाज इथे येतं ते उधाणाच्या भरतीला. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वांत वर चढतं, तेव्हा टग लावून जहाज जमेल तितकं किनाऱ्याकडे ढकलतात. पाणी उतरलं की ते चिखलात बसतं. आधी आत उरलेलं तेल काढायचं, मग सुटं होणारं सामान, आणि मग गॅस कटर. ऑक्सिजनच्या ज्योतीखाली पोलादाची एक रेघ लाल होते, पांढरी होते, ठिणग्या खाली सांडतात आणि पत्रा सुटतो. नाळेकडून तोडत मागे यायचं. जहाज हलकं झालं की विंचने आणखी वर ओढायचं. मोठे तुकडे किनाऱ्यावर पडतात, तिथे त्यांचे ट्रकमध्ये मावतील असे लहान तुकडे होतात आणि ते रोलिंग मिलकडे जातात. कापणारे बहुतेक उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशातले. जुन्या वाफेच्या जहाजांत बॉयलर आणि नळ्यांवर ॲस्बेस्टॉसचं वेष्टण असतं, जुन्या रंगात शिसं असतं. तोंडाला बांधलेल्या फडक्याने ते अडत नाही. या कामगारांच्या फुप्फुसांचा हिशेब कोणत्याही लिलावाच्या किमतीत धरलेला नसतो, आणि हे मला या सगळ्या व्यवहारातलं सर्वांत मोठं पाप वाटतं.

२८ मे २०१४ रोजी नौदल गोदीतून टग लावून ‘विक्रांत’ ही निवृत्त विमानवाहू युद्धनौका इथे, पावडर बंदराशी आणली गेली.

टाइन, बेलफास्ट, बॅलार्ड पिअर

तिचं पहिलं नाव होतं ‘हर्क्युलिस’. दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना १९४३ मध्ये इंग्लंडच्या टाइन नदीवर, न्यूकॅसलच्या विकर्स-आर्मस्ट्राँग गोदीत तिचा कणा बसवला. विमानवाहू जहाजं लवकर आणि स्वस्तात हवी होती, म्हणून हलक्या बांधणीची ही मालिका काढली होती. २२ सप्टेंबर १९४५ ला ती पाण्यात उतरली तेव्हा युद्ध संपून काहीच आठवडे झाले होते. काम थांबलं आणि अर्धवट सांगाडा वर्षानुवर्षं तसाच पडून राहिला. १९५७ मध्ये भारताने तो विकत घेतला आणि बेलफास्टच्या हारलँड अँड वुल्फ गोदीत पुरा करून घेतला. ही तीच गोदी, जिथे टायटॅनिक बांधली गेली. उशिराचा एक फायदा झाला. युद्धानंतर निघालेल्या सुधारणा तिला बांधतानाच मिळाल्या. तिरकी धावपट्टी, विमान फेकणारं वाफेचं कॅटापल्ट, उतरणाऱ्या वैमानिकाला कोन दाखवणारा आरसा.

४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टमध्ये विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते ती नौदलात दाखल झाली. पहिले कप्तान प्रीतमसिंग महिंद्रू. १८ मेला तिच्यावर पहिलं जेट उतरवलं ते लेफ्टनंट राधाकृष्ण हरिराम ताहिलियानी यांनी, जे पुढे नौदलप्रमुख झाले. ३ नोव्हेंबर १९६१ ला ती मुंबईत आली, तेव्हा बॅलार्ड पिअरवर स्वागताला पंडित नेहरू होते. सातशे फूट लांब, पूर्ण भारासह एकोणीस हजार टनांच्या पुढे. एवढं मोठं लढाऊ जहाज तोवर आपल्या नौदलाकडे नव्हतं.

तडा गेलेला बॉयलर

विक्रांतची खरी परीक्षा १९७१ मध्ये झाली आणि ती समजायला तिच्या पोटात शिरावं लागतं. विमानवाहू जहाजावर वाफ दोन कामं करते. टर्बाइन फिरवून जहाज पळवते आणि कॅटापल्टचा दट्ट्या ढकलून विमान हवेत फेकते. छोट्या डेकवरून जेट उडवायचं तर समोरून वारा हवा. नैसर्गिक वारा कमी असेल तर जहाजाने स्वतः वाऱ्यात धावून तो निर्माण करायचा. म्हणजे वेग कमी पडला की विमानात इंधन आणि बॉम्ब कमी भरावे लागतात, नाहीतर उडताच येत नाही.

आणि नेमक्या वेळी विक्रांतच्या चारपैकी एका बॉयलरच्या ड्रमला तडे सापडले होते. जागेवर वेल्डिंग करून भागणारे ते तडे नव्हते आणि नवे ड्रम मिळत नव्हते. तो बॉयलर बंद ठेवून, वेगावर मर्यादा घालून तिला समुद्रात काढलं. डिसेंबरात बंगालच्या उपसागरात वाराही बेताचाच. तरीही ४ डिसेंबर १९७१ च्या सकाळी आठ सी हॉक विमानं कॉक्स बाजारवर गेली. त्याच दिवशी चितगावावर हल्ले सुरू झाले आणि पूर्व पाकिस्तानची बंदरं समुद्राच्या बाजूने बंद पडली. तिला बुडवायला पाठवलेली ‘गाझी’ ही पाणबुडी आदल्या रात्री विशाखापट्टणमबाहेर तळाशी गेली होती. गाझीही दुसऱ्या महायुद्धातच अमेरिकेत बांधलेली. विक्रांतवरच्या लोकांना त्या युद्धात दोन महावीर चक्रं आणि बारा वीर चक्रं मिळाली.

शौर्याच्या कथा पुष्कळ लिहून झाल्या आहेत. मला बॉयलर महत्त्वाचा वाटतो. वैमानिक वर गेले ते खाली भट्टीपाशी घामाने निथळत उभ्या असलेल्या स्टोकर आणि इंजिनिअरांच्या भरवशावर. जहाज संग्रहालय म्हणून ठेवण्याचा माझ्या दृष्टीने मोठा उपयोग हाच. पुस्तकात डेक दिसतो. बॉयलर रूमची अरुंद शिडी, डोक्याला लागणाऱ्या नळ्या आणि बंद दाराआडचा तो उकाडा कळायला प्रत्यक्ष खाली उतरावं लागतं.

लायन गेटबाहेरची रांग

३१ जानेवारी १९९७ रोजी विक्रांत निवृत्त झाली. तिचं संग्रहालय करायचं असं ठरलेलंच होतं. २००१ पासून नौदलाने ती लोकांसाठी खुली केली. डिसेंबरात नौदल सप्ताह आला की नौदल गोदीच्या लायन गेटबाहेर रांग लागे. गणवेशातल्या शाळा, लालबाग-परळहून आलेली कुटुंबं, डबे घेऊन आलेले आजी-आजोबा. डेकवर गेल्यावर मुलं धावत सुटायची आणि वडीलधारी माणसं कठड्यापाशी उभी राहून गोदीकडे पाहायची. बाहेरून भिंत तेवढी दिसणारी ही गोदी आतून बघायची संधी तेव्हाच मिळे.

पण जहाज नौदलाच्या चालू गोदीत होतं, म्हणजे रोज येऊ द्यायचं तर सुरक्षेचा प्रश्न, आणि लढाऊ जहाजांना लागणारी धक्क्याची जागा अडलेली. राज्य सरकारने तिला बाहेर नेऊन कायमचं उभं करावं, खासगी भागीदार शोधावा, अशी योजना होती. गेटवेजवळच्या ऑयस्टर रॉकशी तिला बसवण्याचाही प्रस्ताव होता. सरकारं बदलली, निविदा निघाल्या, भागीदार मिळाला नाही. दरम्यान तळाचं पोलाद झिजत गेलं आणि २०१२ मध्ये असुरक्षित ठरवून संग्रहालय बंद केलं. डिसेंबर २०१३ मध्ये विक्रीचा निर्णय, जानेवारी २०१४ मध्ये ऑनलाइन लिलाव. सुमारे साठ कोटींची बोली दारूखान्यातूनच आली. लोक उच्च न्यायालयात गेले, सर्वोच्च न्यायालयात गेले. १२ नोव्हेंबर २०१४ ला शेवटची परवानगी मिळाली आणि २२ तारखेला कटर लागले. युद्धकाळात ब्रिटनमध्ये बांधलेल्या विमानवाहू जहाजांपैकी संग्रहालय झालेलं हे जगातलं एकमेव जहाज होतं. तिच्याच गोतातली ब्राझीलची ‘मिनास जेराइस’ दहा वर्षं आधी अलंगला तुटली होती.

या प्रकरणात एकच खलनायक शोधण्यात अर्थ नाही. नौदलाचं काम समुद्र राखणं, संग्रहालय चालवणं नव्हे. राज्याकडे जहाज सांभाळणारं खातंच नव्हतं. लोकांचं प्रेम खरं होतं, पण ते आवाज करून उठलं २०१३ मध्ये, लिलावाची बातमी आल्यावर. तोवर तळाचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

पाण्यातलं लोखंड

जहाज गंजतं ते सर्वांत जास्त पाण्याच्या रेषेवर. तिथे खारं पाणी आणि हवा आळीपाळीने लागतात. चालतं जहाज ठराविक काळाने कोरड्या गोदीत चढतं, तळ खरवडला जातो, जस्ताचे ठोकळे बदलले जातात, पातळ झालेले पत्रे काढून नवे लावले जातात. उभं जहाज मात्र लोकांना स्थिर वाटतं, म्हणून त्याची गोदीची पाळी पुढे ढकलली जाते. कोकणातलं कौलारू घर दर पावसाळ्याआधी शाकारावं लागतं, तसंच हे काम. एक वर्ष चुकलं तर ओल येते, पाच चुकली तर वासे जातात.

अमेरिकेतली ‘टेक्सास’ ही १९१४ ची बॅटलशिप दोन्ही महायुद्धांत लढली आणि १९४८ मध्ये संग्रहालय झाली. श्रीमंत देश, श्रीमंत राज्य. तरी तिला इतक्या ठिकाणी गळती लागली की पंप सतत चालू ठेवावे लागत. शेवटी राज्याने साडेतीन कोटी डॉलर मंजूर केले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये तिला ओढत गॅल्व्हस्टनच्या गोदीत न्यावं लागलं. अलाबामात शाळकरी मुलांनी खाऊच्या पैशांतून सुमारे लाखभर डॉलर जमवले आणि ‘अलाबामा’ वाचवली. जपानने वेगळाच मार्ग धरला. १९०५ च्या त्सुशिमाच्या लढाईतली ॲडमिरल टोगोंची ‘मिकासा’ योकोसुकाच्या किनाऱ्यावर काँक्रीट आणि मातीत कायमची बसवली. पाणीच लागत नाही, म्हणून ती आजही आहे. मिकासा बॅरोच्या विकर्स गोदीतली. आपली विमानवाहू ‘विराट’ही तिथलीच. विशाखापट्टणमने २००२ मध्ये ‘कुरसुरा’ ही पाणबुडी वाळूवर ओढून घेतली आणि लोकांसाठी उघडली, तेही याच जातीचं शहाणपण.

लंडनमधली ‘बेलफास्ट’ ही क्रूझर १९७१ पासून थेम्समध्ये संग्रहालय आहे. ज्या गोदीत विक्रांत पुरी झाली तिथेच ती बांधलेली. १९८२ मध्ये आणि पुन्हा १९९९ मध्ये तिला गोदीत चढवून तळ दुरुस्त केला. तिच्या समोर आपल्या ‘दिल्ली’ला ठेवून पाहा. मूळची ‘अकिलीज’. १३ डिसेंबर १९३९ रोजी रिव्हर प्लेटच्या लढाईत जर्मन ‘ग्राफ श्पे’शी भिडलेली. १९४८ मध्ये ती आपल्या नौदलात आली, १९६१ मध्ये दीवच्या मुक्तीत तिच्या तोफा चालल्या, आणि रिव्हर प्लेटच्या लढाईवरच्या १९५६ च्या इंग्रजी चित्रपटात तिने स्वतःचीच भूमिका केली. १९७८ मध्ये मुंबईत निवृत्त होऊन ती भंगारात गेली. तिचा एक टरेट आज ऑकलंडच्या नौदल तळाच्या दाराशी आहे. ज्यांच्यासाठी ती लढली होती त्या न्यूझीलंडने एक तुकडा तरी मागून घेतला होता. ब्रिटननेही आपली एकही बॅटलशिप ठेवली नाही, ‘व्हॅनगार्ड’ १९६० मध्ये तोडली. त्यामुळे हा आळस फक्त आपलाच असं म्हणता येणार नाही. पण बाकीच्यांच्या चुका पाहून शिकायला आपल्याकडे वेळ होता.

वाडियांचं सागवान

मुंबईत बांधलेली एक युद्धनौका मात्र अजून तरंगते आहे. ‘ट्रिंकोमाली’, इंग्लंडमध्ये हार्टलपूलला.

नेपोलियनच्या युद्धांत ओक संपत आला, म्हणून ब्रिटिश नौदलाने मुंबईच्या वाडियांकडे सागवानी फ्रिगेट मागितली. १८१२ मध्ये नकाशे घेऊन निघालेलं ‘जावा’ हे जहाज अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने वाटेत गारद केलं. नकाशे बुडाले, नवे पाठवावे लागले. १८१६ मध्ये जमशेटजी बमनजी वाडियांनी पारशी रिवाजाप्रमाणे कण्यात चांदीचा खिळा ठोकला आणि १२ ऑक्टोबर १८१७ ला ती पाण्यात उतरली. सागवानात तेल असतं, त्याने लाकूड कुजत नाही आणि आत ठोकलेलं लोखंडही खात नाही. ओकच्या आम्लाने मात्र खिळे झिजतात. १८९७ मध्ये एका खासगी माणसाने ती विकत घेतली, मग वर्षानुवर्षं मुलांना समुद्राचं शिक्षण देण्यासाठी ती वापरात होती. १९९० पासून दहाएक वर्षं खपून तिची दुरुस्ती झाली आणि निम्म्याहून जास्त लाकूड मूळचंच राखलं. नकाशे बुडवणारी ‘कॉन्स्टिट्यूशन’ही आज बोस्टनमध्ये संग्रहालय आहे.

ट्रिंकोमाली टिकली त्यात सागवानाचा वाटा मोठा आहे, पण तेवढंच नाही. तिला बराच काळ काहीतरी काम होतं, म्हणून कुणीतरी तिच्यावर चढत होतं. विक्रांत वर्षातून काही दिवस गजबजायची आणि बाकीचे महिने धक्क्याला एकटी उभी असायची.

याच मुंबईत माझगाव डॉक आहे, नौदल गोदी आहे, पत्रे बदलणारे वेल्डर आहेत, आणि दारूखान्यात जहाजाचा कुठला भाग किती वजनाचा, कुठून सुटतो हे हाताने ओळखणारे कारागीर आहेत. सगळं जहाज ठेवणं परवडत नसेल तर बॉयलर रूमचा एक छेद, एक टर्बाइन, ब्रिज एवढं सुटं करून कोरड्या जमिनीवर मांडायचं काम त्यांनी केलं असतं. त्यांना तसं सांगायला कुणी आलं नाही. विक्रांतच्या लोखंडातून अर्झान खंबाटांनी केलेलं स्मारकशिल्प २५ जानेवारी २०१६ पासून लायन गेटजवळ उभं आहे, आणि काही पोलाद वितळून मोटरसायकलच्या टाकीत गेलं. शिल्प चांगलं आहे, पण त्याच्या पोटात उतरता येत नाही.

निवतीकडे

विक्रांतनंतर विराटची पाळी आली. १९४४ मध्ये ‘हर्मीस’ म्हणून कणा बसलेली, १९८२ च्या फॉकलंड युद्धातलं ध्वजजहाज, १९८७ पासून आपली. ६ मार्च २०१७ ला निवृत्त. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ तिचं संग्रहालय करायला मंजुरी दिली, खर्चाचा अंदाज ८५२ कोटी. एवढे पैसे घालायला कुणी पुढे आलं नाही. २०२० मध्ये साडेअडतीस कोटींना ती विकली गेली आणि २८ सप्टेंबरला अलंगच्या किनाऱ्यावर चढली. ८५२ कोटींच्या एका मोठ्या स्वप्नापेक्षा दरवर्षीची छोटी, पक्की तरतूद मागितली असती तर निदान चर्चा जमिनीवर राहिली असती.

आता त्याच निवतीच्या समुद्रासाठी ‘गुलदार’ मिळाली आहे. पोलंडमध्ये बांधलेली, रणगाडे किनाऱ्यावर उतरवणारी, ऐंशी मीटरहून लांब. जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाली आणि २०२५ मध्ये राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या ताब्यात आली. तेल, रंग, तारा काढून तिला तळाशी बसवायचं, तिच्यावर प्रवाळ आणि मासे येऊ द्यायचे आणि डायव्हरना आत सोडायचं, अशी योजना आहे. मला ती आवडली. गंजणं थांबवण्याची लढाई इथे सोडून दिली आहे आणि जहाजाला नवं काम दिलं आहे. पण बुडवलेल्या जहाजालाही देखभाल लागते. पावसाळ्यात तो समुद्र बंद असतो, उघडला की आतल्या वाटा मोकळ्या आहेत का, पत्रा कुठे लोंबतोय का, बोया जागेवर आहेत का, हे प्रत्येक हंगामाआधी खाली जाऊन पाहावं लागेल. ती पाहणी कुणी करायची आणि तिचा खर्च कुठल्या खात्यातून, हे मालवण-निवतीच्या मच्छीमारांना सोबत घेऊन आत्ताच, जहाज वर असतानाच, कागदावर लिहून घ्यायला हवं.